तीन नंबरची बरणी

"सही कर, हेमांगी," प्रभुदेसाई सर म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्या पुढ्यात सरकवला. वर स्वतःचं शाईचं पेनही ठेवलं. त्या पेनाला एरवी ते कुणाला हात लावू देत नसत.

कागदावर मथळा होता, 'गोवारटोला खाणीत अज्ञात कणांच्या खुणा'. खाली दोन नावं होती. आधी त्यांचं, मग माझं.

"मी सही करणार नाही, सर."

"का?"

"आपल्यापैकी कुणी खाली जाऊन पाहिलेलं नाही."

"खाली शालिक आहे. रोज वही लिहितो. तापमान ठीक, बरण्या ठीक. अजून काय बघायचंय?"

"सात दिवसांत अडतीस बुडबुडे आलेत आणि सगळे तीन नंबरच्या बरणीत. दोन वर्षं एक नाही, आणि आता एका आठवड्यात अडतीस? आपण बघायला नको?"

"मग बघ की जाऊन," सर म्हणाले आणि हसले. हसणं वाईट नव्हतं, पण मला ते झोंबलं. कारण मला खाली जाता येत नाही, हे आमच्या त्या पत्र्याच्या खोलीतल्या पालीलासुद्धा ठाऊक होतं.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. भंडारा जिल्ह्यातली मँगनीजची खाण होती ती. जमिनीखाली हजार फुटांवर, आठव्या थराला, एक जुना बोगदा वापरातून गेलेला होता. त्याच्या टोकाशी खडकात एक कोनाडा होता, बाजेएवढा लांब. त्या कोनाड्यात आमच्या तीन काचेच्या बरण्या ठेवलेल्या होत्या. लोणच्याच्या असतात तेवढ्याच. आत घट्ट, पारदर्शक चीक आणि त्या चिकात मोहरीएवढे थेंब. हे थेंब अशा द्रवाचे, की ज्याने खरं तर केव्हाच उकळायला हवं होतं, पण कुणी धक्का दिला नाही म्हणून गप्प राहिलेला. दूध उतू जायच्या बेतात असतं ना, तसा. बाहेरून एखादा कण येऊन त्याला नेमका धडकला, की थेंबाचा बुडबुडा होई आणि 'टप्' असा बारीक आवाज येई. बरणीला चिकटवलेला कान, म्हणजे माइक, तो आवाज तारेवरून वर माझ्या खोलीत पोचवी.

आम्ही वाट पाहत होतो ती अशा कणांची, की जे असावेत असं सगळे म्हणतात आणि पाहिलेले कुणी नाहीत. आकाशगंगा ज्या वेगाने फिरतात, तो वेग दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाला झेपणारा नाही. म्हणजे न दिसणारं काहीतरी आहे, आणि ते दिसणाऱ्याच्या पाचपट आहे. त्याचे कण असतील तर ते तुमच्या-आमच्या अंगातून, डोंगरातून, अख्ख्या पृथ्वीतून आरपार जात असणार, कुणाला साधा धक्का न लागू देता. लाखात नाही, अब्जात नाही, त्याहून कितीतरी विरळा एखादा चुकून धडकेल. तो ऐकू यावा म्हणून हजार फूट खडकाची गोधडी पांघरून आम्ही बसलो होतो. वरून येणारा बाकीचा सगळा गोंधळ खडक अडवायचा.

शालिकमामांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हंजे पाव्हना येऊन जाते, पन पायताणबी वाजत नाई." शालिकराम उईके हे खाणीतले जुने मुकादम. निवृत्ती जवळ आली म्हणून त्यांना हलकं काम दिलं होतं, आमच्या बरण्यांच्या राखणीचं. रोज सकाळी खाली जायचं, काचेवरची धूळ पुसायची, वहीत चार रकाने भरायचे आणि वर येऊन वही मला द्यायची.

बरण्या मी भरल्या होत्या. चीक मी आटवला होता, माइक मी जोडले होते, तारेचा एकेक जोड माझ्या हातचा होता. पण खाली नेऊन ठेवलं ते पुरुषांनी. कायदाच तसा होता तेव्हा. बाईमाणसाला खाणीत जमिनीखाली कामाला लावायचं नाही. आणि कायदा नसता तरी खाणीतली माणसं होतीच. त्यांच्या खाणीत एक माय राहते म्हणे. दुसरी बाई खाली आली की ती रुसते आणि छप्पर सोडते. मी परवानगीसाठी दहा अर्ज केले होते. दहाही परत आले, एकाच शिक्क्याचे.

पैसे देणारी समिती परवा येणार होती. शून्य दाखवलं तर प्रयोग बंद आणि माझा चार वर्षांचा प्रबंध पाण्यात. अडतीस दाखवले तर सरांचं नाव जगात. सर काही लबाड नव्हते. तीन नंबरच्या बरणीतला द्रव त्यांनी बरणी भरण्याआधी स्वतःच्या हातांनी, अकरा वेळा गाळून शुद्ध केला होता. त्यांना मनापासून वाटत होतं की त्या शुद्धतेमुळेच पाहुण्याचं पाऊल ऐकू आलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं झालं होतं त्यांचं.

मलाही वाटलं असतं. खोटं कशाला बोलू? पहिले तीन दिवस मी कानाला हेडफोन लावून रडले होते आनंदाने. पण आदल्या संध्याकाळी सटाण्याहून आईचा फोन आला.

"आज सहावी माळ," ती म्हणाली. "तिथे देवापुढे दिवा तरी लावतेस का?"

"आई, माळा मोजायला वेळ नाहीये."

फोन ठेवला आणि माझा हात तसाच राहिला. आम्ही दिवस मोजायचो ते प्रयोगाचे. सातशे अठ्ठ्याण्णवावा, सातशे नव्व्याण्णवावा. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे कोण बघतंय? मी उठून बघितलं. पहिला बुडबुडा आला तो घटस्थापनेच्या दुपारी.

"सर, विश्वाला आपलं पंचांग कुठून कळलं?" कागद परत सरकवत मी त्यांना विचारलं.

"म्हणजे देवीने फोडले म्हणतेस?"

"देवीने नाही. माणसांनी. खाली काहीतरी चाललंय."

सरांनी पेन उचलून टोपण लावलं. "नाव काढून टाकतो तुझं," ते म्हणाले. "मग तर सही नको?"

मी म्हटलं, "काढा."

बाहेर आल्यावर मी थेट खाणीचे मॅनेजर बिसेन यांच्या कचेरीत गेले.

"मॅडम, पुन्हा तेच?" त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. "कायदा मी केलेला नाही. तुम्ही खाली काम करणार, म्हणजे नाही. आणि उद्या खाली कुणाला खरचटलं, तर माणसं काय म्हणतील? बाई उतरली म्हणून झालं."

"गेल्या वर्षी पाहुणे आले होते दिल्लीचे. त्यांच्या बायका उतरल्या होत्या खाली. फोटो लावलाय तुमच्या मागे."

त्यांनी वळून फोटोकडे पाहिलं. गळ्यात हार, डोक्यावर हेल्मेट, सहा बायका ओळीने.

"त्या पाहुण्या होत्या," बिसेन म्हणाले.

"बरं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, अष्टमीला, सकाळी आठच्या पाळीला मी शाफ्टच्या, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीच्या, तोंडाशी बिल्ल्यांच्या खिडकीपुढे उभी राहिले. खाली उतरणारा प्रत्येक जण तिथून पितळी बिल्ला घेतो. त्याच आकड्याचा जोडीदार खिडकीतल्या फळीवर खिळ्याला टांगतात. वर आला की बिल्ला परत. संध्याकाळी फळीवर एक जरी बिल्ला राहिला, तरी सगळी खाण थांबते आणि माणूस शोधायला उतरतात. खिडकीत नत्थूजी बसायचे, चष्म्याला दोरा बांधलेले.

"पाहुण्यांचा बिल्ला द्या, नत्थूजी. लाल."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी गमबूट घातले होते, तीन माप मोठे. आत जुनी वर्तमानपत्रं कोंबली होती.

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही."

"मंग कसं देऊ जी? माही नौकरी जाईन."

"तुमच्या वहीत कुठे लिहिलंय की पाहुण्याला चिठ्ठी लागते? दाखवा."

त्यांनी खरंच वही उलटी-पालटी केली. मागच्या रांगेतले लोक बघायला लागले. माणसांची ने-आण करणारा लोखंडी पिंजरा खालून वर येऊन थांबला आणि त्याचं दार खणखणलं. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "माय रुसन बाप्पा."

"रुसू दे," मी वळून म्हटलं. "मीही दोन वर्षं रुसलेली आहे. एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे."

कुणी हसलं नाही. नत्थूजी मात्र चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बिना बिल्ल्याचं नाई गेल्या, हे बरं केलं. लपून गेलेल्या मानसाले कोनी शोधाले येत नाई." त्यांनी लाल बिल्ला नंबर नऊ काढला, जोडीदार फळीवर टांगला आणि वही माझ्याकडे फिरवली. मी नाव लिहिलं. रकाना होता 'खाली जाण्याचे कारण'. मी लिहिलं, 'पाहणे'.

पिंजऱ्यात चौदा पुरुष आणि मी. सगळे लोखंडी जाळीकडे तोंड करून उभे राहिले, जणू मी आंघोळ करत होते. अंधार वर सरकत गेला, कान बंद झाले आणि मला एकच गोष्ट सारखी वाटत होती, की हे इतकं सोपं होतं? चार मिनिटं? चार मिनिटांसाठी दहा अर्ज?

आठव्या थराला उतरल्यावर मी एकटीच आत वळले. बोगद्याचा नकाशा मला पाठ होता. दीडशे पावलं सरळ, मग डावीकडे. डावीकडे वळले आणि थांबले. कोनाड्याच्या तोंडावर धूळ अडवायला आम्ही प्लास्टिकचा जाड पडदा लावला होता. त्या पडद्यामागे पिवळा उजेड होता.

शालिकमामा पडद्याबाहेर उकिडवे बसून झेंडूची माळ ओवत होते. मला बघून त्यांच्या हातातली सुई तशीच राहिली.

"ताई? तुमी?"

मी पडदा बाजूला केला. बरण्यांच्या दगडी फळीखाली, उजव्या कोपऱ्यात, घट मांडला होता. परडीत काळी माती, मातीत गव्हाचे अंकुर. उन्हाशिवाय उगवलेले, हळदीसारखे पिवळे. कलशावर नारळ, वर सात माळा आणि शेजारी पितळी समई तेवत होती. समईच्या वर बरोबर हातभर अंतरावर तीन नंबरची बरणी होती.

मी बरणीला हात लावला. काच कोमट लागली, तान्ह्या बाळाच्या कपाळासारखी. मग एक नंबरला हात लावला. ती त्या मानाने गार होती. एक नंबरच्या बाजूला, भिंतीवर, आमचा एकुलता एक थर्मामीटर टांगलेला होता आणि तो इमानाने तीस अंश दाखवत होता. तो तिथे टांगायचा हे माझं डोकं. मीच आकृती काढून दिली होती.

उकळायच्या बेतात असलेल्या थेंबांना दिव्याची ऊब मिळाली होती. एवढंच. अडतीस बुडबुडे आणि विश्वाचं कोडं, सगळं एका समईत.

"मामा, हे काय केलंत तुम्ही?" माझा आवाज चढला. "दोन वर्षं! डोळ्यांत तेल घालून बसलोय आम्ही आणि तुम्ही ते तेल दिव्यात घातलंत! वहीत का नाही लिहिलं?"

"वहीत रकाना नोयता जी," ते म्हणाले. "तापमान, बरनी, धूळ, पानी. दिव्याचा कुठी होता?"

रकाने मीच आखले होते.

"दरवर्षी इथेच मांडता?"

"नाई. दरसाली पिंजऱ्यापाशी मांडतो. यंदा इथं आनला."

"का?"

त्यांनी हातातल्या माळेकडे पाहिलं. "मंग सांगतो कधी."

"मग नाही, आत्ता. आणि आधी हा विझवा."

म्हातारा उठून उभा राहिला. त्यांनी हात जोडले, पण मान खाली घातली नाही. "तुमाले वाटते तं तुमीच इझवा, ताई. तुमची जागा आहे. माह्या हातानं नाई होनार. दोनच दिवस रायले."

मी समईजवळ वाकले. फुंकर घालायला ओठही जुळवले होते. एका फुंकरीचं काम. मी देव मानत नाही, आजही नाही. आईशी त्यावरून भांडले आहे, लग्नाच्या मांडवात भांडले आहे. पण वाकल्यावर डोकं जरा थंड झालं आणि मला कळलं की फुंकर घालणं हा मूर्खपणा आहे. दिवा विझला, बुडबुडे थांबले, तर सर काय म्हणतील? पाहुणा आला तसा गेला, असं म्हणतील. उद्या सकाळी समितीपुढे माझ्या हातात काय असेल? विझलेली समई.

"दिवा राहू द्या," मी म्हटलं. "माझी बॅटरी धरा. मला दोन बरण्यांच्या जागा बदलायच्यात."

खूण बरणीतल्या शुद्ध द्रवाची असेल तर ती बरणीबरोबर जाईल. दिव्याची असेल तर दिव्यापाशीच राहील. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी तीन नंबर दोन्ही हातांनी उचलली, कानासकट, तारेसकट, आणि छातीशी धरून डावीकडे नेली. शालिकमामा बॅटरीचा उजेड माझ्या पावलांपुढे धरत राहिले. एक नंबर उजवीकडे, समईच्या वरच्या जागी ठेवली. स्वतः भरलेल्या बरण्यांना दोन वर्षांनी हात लावत होते मी. काचेवर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती. शाई थोडी उडाली होती.

वही उघडून रकान्यांच्या बाहेर, समासात लिहिलं, 'सकाळी नऊ चाळीस. बरणी एक व तीन यांची अदलाबदल. हे. तुंगारे.'

वर आल्यावर लाल बिल्ला परत दिला आणि नत्थूजींची वही पुन्हा मागून घेतली. 'पाहणे' या शब्दापुढे स्वल्पविराम दिला आणि लिहिलं, 'व बरण्यांची अदलाबदल'.

नत्थूजींनी वाचलं. "काहून लिहिता जी? कोनाले समजलं असतं?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

नवमीला सकाळी अकरा वाजता मॅनेजरांच्या कचेरीत समिती बसली. तीन जण होते. अध्यक्ष डॉ. रंगाचारी, ऐंशीच्या घरातले, कानाला यंत्र. ते इंग्रजीत बोलत होते. मला आठवतं ते मराठीतच. त्याआधी सकाळी मी सरांना विश्रामगृहाच्या दारात गाठलं होतं. "सर, कालचे आकडे बघा," म्हटलं. ते समितीला चहा देत होते. "आता नको," एवढंच म्हणाले.

सरांनी आलेख लावला. सात दिवस, अडतीस बुडबुडे, एक बरणी. शुद्धतेवर ते दहा मिनिटं छान बोलले. मलाच क्षणभर वाटलं, खरं असतं तर किती बरं झालं असतं.

"आणि कालचा, आठवा दिवस?" रंगाचारींनी विचारलं.

"तो अजून तपासायचा आहे," सर म्हणाले.

मी उठले. "तपासलाय. माझ्याकडे आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बसले असते.

"काल सकाळी नऊ चाळीसला मी एक आणि तीन नंबरच्या जागा बदलल्या. तेव्हापासून आज नऊपर्यंत तीन नंबरमध्ये एकही बुडबुडा नाही. एक नंबरमध्ये सात. त्या कोपऱ्यात नवरात्राची समई लावलेली आहे. घटस्थापनेपासून. बुडबुडे तिच्या उबेचे आहेत."

पहिल्यांदा बोलले ते बिसेन.

"बदलल्या? कुणी? तुम्ही खाली गेलात?"

"लाल बिल्ला नंबर नऊ. वहीत सही आहे."

त्यांनी वही मागवली, पान काढलं आणि त्यांचा चेहरा तापला. "पाहुणी म्हणून गेलात आणि काम करून आलात! कायदा मोडला तुम्ही!"

"दोन बरण्या हलवल्या, त्या वीस मिनिटांना तुम्ही काम म्हणता. मग दोन वर्षं मी इथे जे करतेय ते काय होतं, साहेब? माझ्या बरण्या बघायला सरांना परवानगी आहे, ते आठ महिन्यांत उतरले नाहीत. मला नाही, म्हणून मी उतरले."

"दिवा कुणी लावला? नाव सांगा."

"सांगणार नाही."

"तुमचा वर आवारात यायचा पासही रद्द करीन!"

"करा. नाव नाही सांगणार. दिवा नोंदवायला वहीत रकाना नव्हता आणि ते रकाने मी आखले होते. लिहायचं तर माझं नाव लिहा."

रंगाचारींनी कानातलं यंत्र नीट बसवलं. "बाई," ते म्हणाले, "मग दोन वर्षांत तुम्हाला सापडलं काय?"

हा प्रश्न मला रात्ररात्र छळायचा. नातेवाईक विचारायचे, आई विचारायची, पाळीवर जाणारे विचारायचे. दरवेळी मी नजर चुकवून 'अजून चाललंय' म्हणायची. त्या दिवशी नजर चुकवावीशी वाटली नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "शून्य. आणि हे शून्य पक्कं आहे. इतक्या वजनाचा, इतक्या जोराने धडकणारा कण असता, तर या बरण्यांत वाजला असता. तो नाही, हे आम्ही सांगू शकतो. पुढच्याने तिथे शोधायला नको. एवढ्यासाठी दोन वर्षं गेली असतील तर गेली. पण खोट्या अडतीसपेक्षा मी माझ्या खऱ्या शून्यावर सही करीन."

सर आलेखाकडे बघत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "थर्मामीटर कुठे होता?"

"एक नंबरपाशी. ती माझी चूक, सर."

त्यांनी शाईचं पेन काढलं आणि कागदावरच्या मथळ्यावर एक सरळ रेघ मारली. मग पेन माझ्या बाजूला ठेवलं. पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माझा वरचा पास सहा महिने रद्द झाला. पैसे निम्मे झाले, बंद मात्र झाले नाहीत. प्रबंध दोन वर्षं उशिरा पूर्ण झाला आणि त्यात पानापानांवर शून्य आहे. कायदाही पुढे बदलला. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी कचेरीतून बाहेर पडले तर शाफ्टपाशी खंडेनवमीची पूजा झाली होती. पिंजऱ्याला आंब्याची पानं, घणांना आणि पहारींना हळदकुंकू. शालिकमामा कठड्याला टेकून उभे होते. आतली बातमी त्यांच्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती.

"माहं नाव घ्याचं होतं न ताई," ते म्हणाले. "माही दोन वर्सं रायली. तुमचं सारं बाकी आहे."

"ते सोडा. घट आत का नेलात ते सांगा. आज सांगितल्याशिवाय सोडणार नाही."

"लोकं म्हन्तेत, बाई उतरली का माय रुसते. मी चाळीस वर्सं खाली काढले, मले काई थे पटत नाई. माय सोताच बाई आहे, बाईवर काहून रुसन? पन म्हन्लं, रुसतच असन तं कोनीतरी समजूत काढाले पायजे. तुमचे अर्ज साह्यबाकडं जात होते. मी म्हन्लं, एक मायकडं देऊन पाहू. म्हनून यंदा घट तुमच्या बरनीपाशी मांडला. रोज माळ चढवली का सांगत जाओ, माय, हे पोट्टी येनार आहे खाली. येऊ दे तिले."

मी कठडा धरला, हातांना त्यावरचं हळदकुंकू लागलं. मग विचारलं, "मग? काय म्हणाली माय?"

शालिकमामा माझ्या गमबुटांकडे बघत म्हणाले, "आल्या न तुमी."

डोळे भरून आले होते, पण हळदकुंकवाच्या हातांनी पुसता येईना. मग पिशवीतून कोरा कागद काढला, कठड्यावर ठेवला आणि अकरावा अर्ज लिहायला घेतला. मायना तोच, मजकूरही दहा वेळा लिहून पाठ झालेला. फक्त 'खाली जाण्याची परवानगी मिळावी' याच्या आधी या खेपेला एक शब्द जास्त घातला, आणि तो ठळक दिसावा म्हणून दोनदा गिरवला. 'पुन्हा'.